काटा अर्ध्यावर होता

१

लाँच बंद पडली तेव्हा टाकीचा काटा अर्ध्यावर होता, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो त्यापुढचा.

१९४४ सालचा श्रावण. भंडारदऱ्याचं धरण काठोकाठ भरलेलं, वरून पावसाची झड, आणि पाण्याच्या ऐन मध्यावर दवाखान्याची लाँच हेलकावे खात उभी. आत जांभूळवाडीची भागू बाळंतवेणांनी तळमळत होती. पैलतीरावरच्या त्या वाडीत काही होण्यासारखं नाही, म्हणून डॉक्टर नीलांबरी तिला आणि तिच्या सासूला घेऊन दवाखान्याकडे निघाल्या होत्या. बन्सी लाँचवाल्यानं हँडल मारून मारून तळहाताची सालटं काढली, पण इंजिन काही धरेना. दिवस मावळला. अखेर भागूची सुटका तिथंच, त्या हलत्या लाँचमध्ये झाली. मग कधीतरी होडीवाल्यांच्या कानी हाका गेल्या आणि त्यांनी दोर लावून लाँच काठाला ओढत आणली.

मुलगी झाली होती. ती जगली. भागूही जगली, पण तिचं रक्त फार गेलं होतं आणि ती अजून दवाखान्यातल्या खाटेवर पडूनच होती.

नगरच्या काही मंडळींनी हा दवाखाना उभारला होता. त्याचे व्यवस्थापक रविकांतराव काटेकोर गृहस्थ. काठाला लागलेल्या लाँचची त्यांनी एकदा पाहणी केली, टाकीच्या झाकणाला दोरा बांधला आणि लाखेचं सील ठोकलं. त्यांच्या मते सगळं स्पष्ट होतं. टाकी रिकामी होती. लढाईच्या दिवसांत रॉकेलला सोन्याचा भाव, बन्सीनं ते बाहेर विकलं आणि काही तरी करून काटा अर्ध्यावर अडकवून ठेवला. राजूरच्या फौजदारांना त्यांनी निरोपही धाडला. फौजदार दुसऱ्या दिवशी येणार होते.

डॉक्टर नीलांबरींनी मात्र दुसरीकडे निरोप धाडला होता. कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालणाऱ्या मोटारीतून यज्ञेश्वरपंत उतरले तेव्हा त्यांच्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात खडखड वाजणारी पिशवी.

पंत म्हणजे नीलांबरींच्या वडिलांचे स्नेही. उभी हयात त्यांनी सरकारी नोकरीत मापं तपासण्यात घालवली होती. काष्टीच्या बाजारापासून राहुरीच्या पेठेपर्यंत खोट्या शेराची, कापलेल्या गजाची, तळाशी मेण चिकटवलेल्या तेलाच्या मापाची अशी किती प्रकरणं त्यांनी पकडली होती. आता पेन्शन घेऊन घरी बसले होते. पत्नी गेल्यावर घर फार शांत झालं होतं आणि कुणी बोलावलं तर त्यांना बरं वाटायचं.

"काका, लाँचसाठी चांगलं माप निवडून द्या," नीलांबरी म्हणाल्या. "टाकीत किती तेल आहे ते खरंखुरं सांगणारं. पुन्हा असं व्हायला नको."

"निवडतो. पण आधीचं माप खोटं का बोललं, ते कळल्याशिवाय नवं निवडायचं कशाच्या जोरावर?"

पंत लाँचवर गेले. रविकांतराव छत्री धरून काठावर उभे राहिले. बन्सी जरा लांब, पावसातच उभा होता. पंतांनी सील नीट न्याहाळलं. ते अभंग होतं. मग त्यांनी ते फोडलं, झाकण फिरवून काढलं आणि पिशवीतली पितळेची लांब पट्टी टाकीच्या तळाला टेकेपर्यंत आत सोडली.

पट्टी वर आली. ती निम्म्यापर्यंत ओली होती.

टाकी रिकामी नव्हतीच. काटा म्हणत होता तेवढीच, अर्धी भरलेली होती.

२

रविकांतराव लाँचवर आले, पट्टी हातात घेऊन त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

"सील मीच लावलं होतं," ते हळूच म्हणाले. "त्यानंतर कुणी हात लावलेला नाही."

"म्हणजे त्या संध्याकाळीही टाकी अर्धी होती. काटा खरं सांगत होता." पंतांनी बन्सीला जवळ बोलावलं. "ये रे, भिजू नकोस. इंजिन बंद पडलं तेव्हा तू काय काय केलंस?"

बन्सी तिशीचा, रुंद खांद्याचा. पण दोन दिवसांत त्याचा चेहरा पार उतरला होता.

"पैलं काट्याकडं पायलं, साहेब. अर्ध्यावर हुता. मग टाकीतून इंजनाला येती ती नळी खोलली. तेल काय धडपणी येईना. कायतरी गळत हुतं, पर वरून पाऊस, लाँचचा कंदील काच फुटून इझलेला. टाकीतलं गळतंय का पावसाचं, काय कळंना. अन् बाई वरडत हुती. माजी मती चालंना."

"मग तूच म्हणालास, तेल संपलं म्हणून?"

"तेल येत न्हाई म्हनलो. त्येचं त्येंनी संपलं केलं." त्यानं रविकांतरावांकडे पाहिलं नाही.

"आत्ता हँडल मारून बघ."

बन्सीनं जखमी हातांना फडकं गुंडाळून जोर लावला. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

पंत टाकीपाशी फळीवर बसले. टाकीवरची तबकडी साधी होती. आत एक पोकळ पितळी गोळा तरंगतो, त्याच्या दांडीनं बाहेरचा काटा फिरतो. गोळा वर गेला की काटा वर, खाली गेला की खाली. पंतांनी झाकणातून हात घालून गोळा दाबला, सोडला. काटा मुकाट्यानं खाली गेला, वर आला. कुठं अडकत नव्हता.

"तुझ्या मापात खोट नाही," ते काट्याला म्हणावं तसं पुटपुटले. त्यांनी पिशवीतून रबराची नळी आणि कांडीसारखी लांब काचेची नळी काढली. टाकीच्या अगदी तळाशी गाळ काढायचं एक बूच होतं. ते काढून त्यांनी झटकन रबराची नळी त्या भोकात बसवली आणि काचेची नळी टाकीला लगटून उभी धरली.

"ही तिसऱ्या तऱ्हेची मापणी," ते रविकांतरावांना म्हणाले. "टाकीत जेवढी पातळी, तेवढीच नळीत चढते. काच असल्यामुळे डोळ्यांना दिसते. तबकडी, पट्टी आणि नळी, तिघींनी एकच सांगायला हवं."

नळीत पातळी सरसर चढली आणि थांबली. पंतांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पट्टीवरची ओली रेघ नळीशेजारी धरली.

नळी चांगली बोटभर कमी दाखवत होती.

३

"नळी बिघडलेली असेल," रविकांतराव म्हणाले.

"काचेच्या नळीत बिघडण्यासारखं काय आहे? दोन्ही तोंडं उघडी." पंतांच्या चेहऱ्यावर काळजी मुळीच नव्हती. उलट फार दिवसांनी एखादा जुना मित्र भेटावा तसे ते खुलले होते. "दोन खरी मापं एकमेकांशी भांडताहेत. म्हणजे आपणच त्यांना काहीतरी चुकीचं विचारतोय."

त्यांनी रबराची नळी चिमटीत दाबली, काचेतली ओंजळभर धार वाटीत काढली आणि तिच्यात वात भिजवून काडी लावली. वात चुरचुरली. पेटली नाही.

"पाणी," बन्सी म्हणाला.

"दिवाळीत बायका काचेच्या भांड्यात दिवा लावतात," पंत सांगू लागले. "खाली पाणी, वर तेल. इथं तेच झालंय. पाणी जड, ते तळाला गेलं. रॉकेल हलकं, ते वर राहिलं. तरंगणाऱ्या गोळ्याला काय, तो कशावर तरंगतोय हे विचारत नाही. तो आपला उंची सांगतो. पट्टीही उंचीच सांगते. पण ही नळी तळाला जोडली, तिच्यात फक्त पाणी शिरलं. हलक्या रॉकेलचा थर तोलायला जड पाणी कमी पुरतं, म्हणून नळी बोटभर खाली राहिली. तिघींपैकी एकही खोटं बोलली नाही."

"आणि इंजिनची नळी तळापासून थोडीच वर आहे," रविकांतरावांच्या आता ध्यानात आलं. "पाणी तिथपर्यंत चढलं आणि..."

"आणि रॉकेल असूनही इंजिनाला पाणीच मिळालं."

रविकांतरावांनी छत्री मिटली. "मग आरोप आणखी पक्का झाला, पंत. रॉकेल काढलं आणि काटा उतरू नये म्हणून तेवढंच पाणी ओतलं. टाकीला रोज हात लावतो तो बन्सी."

बन्सी पंतांकडे बघत राहिला आणि त्या बघण्यात एवढी आशा होती, की पंतांना नजर वळवावी लागली.

"थोडं दमानं घ्या," ते म्हणाले. "ज्यानं पाणी ओतलं त्याला काटा माहीत होता, पण इंजिन माहीत नव्हतं. पाण्यानं इंजिन मरतं हे ठाऊक असलेला माणूस पाणी ओतून मग त्याच लाँचमध्ये बसून भर धरणात जाईल का? शिवाय बन्सीला तेल चोरायचं असतं तर तळाचं बूच होतं. ह्या माणसानं तेल वरून, झाकणातून उपसलं. तळातून काढलं असतं तर दुसऱ्या खेपेला त्याच्या हाती स्वतःचंच पाणी आलं असतं."

"मग उरलो मी," रविकांतराव ताठपणे म्हणाले. "पिंपांच्या कोठीची किल्ली माझ्याकडे असते."

पंतांनी ह्याचा विचार आधीच केला होता. सकाळी भेटल्यापासून रविकांतरावांच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता.

"किल्ली आहे म्हणूनच तुम्ही नव्हे. कोठी हाताशी असताना लाँचच्या टाकीत पळी कोण बुडवील? पण रागावणार नसाल तर एक विचारतो. हाताला वास कसला?"

रविकांतराव एकदम अवघडले. उत्तर दिलं ते बन्सीनं. "घरचं रेशनचं तेल आणून बाळंतपनाच्या खोलीतला दिवा भरत्यात ते, रोज. त्येंच्या घरी सांज झाली की अंदार. समद्यांना ठावं हाय."

ज्याच्यावर ह्या माणसानं फौजदार बोलावला होता, त्यानंच हे सांगावं, याचं रविकांतरावांना काय वाटलं कोण जाणे. ते वळून पाण्याकडे बघत राहिले.

पंतांनी टाकीतलं उरलेलं पाणी बादलीत काढलं, निवळू दिलं आणि वरचं हळूच ओतून टाकलं. बादलीच्या तळाशी गाळ उरला. त्यांनी तो बोटावर घेतला, काठावरच्या काळ्या कातळाकडे पाहिलं आणि विचारलं,

"बन्सी, असली तांबडी माती कुठं आहे?"

बन्सीनं पावसाआडून पैलतीराकडे बोट केलं.

"जांभूळवाडीच्या वड्याला."

४

पैलतीरी लाँच लागली की पुढे काय होतं, ते पंतांनी बन्सीकडून खोदून खोदून काढून घेतलं. डॉक्टरीणबाई वाड्यावाड्यांवर जायच्या. औषधांची पेटी डोक्यावर घेऊन बन्सी त्यांच्या मागोमाग. परत येईपर्यंत लाँच ओढ्याच्या मुखाशी बांधलेली, एकटी. झाकणाला कुलूप नव्हतंच.

"आणि तिकडच्या घरांत रॉकेल?"

"पल्याड कुठलं घासलेट, साहेब? गेल्या दिवाळीपास्नं दुकानात थेंब न्हाई. दिस बुडला की गाव निजतं."

मग पंत नीलांबरींच्या खोलीत गेले. त्या नुकत्याच भागूला तपासून आल्या होत्या आणि हात धूत होत्या. चाळिशीच्या आत त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"कशी आहे ती?"

"आज पेजेचे चार घास पोटात राहिले. जगेल, काका." त्या खुर्चीवर बसल्या. "बन्सीनं केलेलं नाही हे मला आधीपासून माहीत होतं. पण माहीत असणं फौजदारांना दाखवता येत नाही."

"त्या संध्याकाळचं सांग. मापाचं नको. तुला जे आठवतं ते."

नीलांबरींनी ओले हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "हात आठवतात. लंकाबाईंचे, भागूच्या सासूचे. लाँच हलत होती, पाऊस आत येत होता आणि त्या बाई पदराचा आडोसा करून कंदील धरून बसल्या होत्या. बाळाचं डोकं आलं, तर मानेला नाळेचे दोन वेढे. उजेड होता म्हणून दिसले. दिसले म्हणून सोडवता आले. अंधार असता तर पोरगी हाताशी येऊनही गेली असती."

"लाँचचा कंदील तर विझला होता म्हणे."

"हो, हा त्यांचा. निघताना घरून घेतला होता. मी म्हटलं, राहू द्या, लाँचवर आहे. पण ऐकलं नाही त्यांनी."

"आणि तो टिकला?"

"होडीवाले येईपर्यंत. ज्योत जराही खाली..." नीलांबरी बोलता बोलता थांबल्या.

दोघंही एकमेकांकडे पाहत राहिले. मग नीलांबरींनी डोळे मिटून घेतले.

"काका," त्या म्हणाल्या, "मला हे कळायला नको होतं."

५

लंकाबाई दवाखान्याच्या पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर नात, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली. ती झोपेत ओठ हलवत होती. बाजूला झाकलेली भाकरी तशीच होती.

पंत समोर जमिनीवरच बसले. आयुष्यात त्यांनी कितीतरी लबाडांना समोर बसवून बोलतं केलं होतं. पण आज सुरुवात कशी करावी ते त्यांना सुचेना.

"जेवला नाहीत, बाई?"

"सून उटंस्तवर घास उतरत न्हाई, बाबा."

"पोरगी गोड आहे."

"व्हय." लंकाबाईंनी फडकं सारखं केलं. "हिच्या आदी एक झाल्ता. ल्योक. घरातच, रातीचा. दिव्याला तेल न्हवतं. काटक्या पेटवाव्या तर धुरानं दिसंना. सुईन म्हनली, गळ्याला कायतरी हाय. चाचपत ऱ्हायली. उजाडलं तवा निळा पडल्याला." त्यांचा स्वर कुठंही हलला नाही. हे त्यांनी स्वतःशी फार वेळा बोलून झालं असावं. "भागूला पुन्यांदा दिस गेले तवाच म्या ठरिवलं. ह्या खेपंला घरात उजेड पायजे."

पंतांनी मान खाली घातली. विचारायला काही उरलंच नव्हतं. तरी ते म्हणाले, "म्हणून लाँचच्या टाकीतून घेतलंत."

लंकाबाईंनी नाकारलं नाही.

"बाटलीभर घ्यायची, लाँच आली की. बारक्या डावानं, वरल्यावर. चोरी हाय ती, ठावं हाय मला. पर बन्सीवर बालंट यायला नगं. त्यो पोरगा काटा बघतुया, मला ठावं हुतं. मंग जेवडं काडलं तेवडं पानी वतायची. काटा हुता तितं ऱ्हायचा." त्यांनी वर पाहिलं. "त्येच्यावर कुनी काय म्हनायला नगं म्हनून, बाबा. लई मायाळू हाय त्यो. माज्या पाटीवरलं सरपान उतरून घेतो."

इथंच थांबावं असं पंतांना फार वाटलं. पुढचं ह्या बाईला कळलं नाही तर कुणाचं काय बिघडणार होतं? पण उद्या फौजदार येणार होते, आणि बन्सी पावसात उभा होता.

त्यांना बोलावं लागलंच नाही. लंकाबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी उमटली.

"तुमी टाकीच्या पान्याचं इचाराया आला," त्या सावकाश म्हणाल्या. "इंजनाला... पानी चालत न्हाई व्हय?"

"नाही, बाई."

बाळ झोपेत कुरकुरलं. लंकाबाईंचा हात आपोआप थोपटू लागला, पण डोळे कुठंतरी भलतीकडेच लागले होते. मनानं त्या धरणाच्या मधल्या पाण्यावर असाव्यात, सुनेच्या ओरडण्यापाशी.

"म्हंजी म्याच," त्या म्हणाल्या. "माज्या हातानं."

"ऐका," पंत पुढे सरकले. "लाँच तुमच्या पाण्यानं थांबली, हे खरं. मी खोटं सांगणार नाही. पण नाळेचे वेढे तुमच्या कंदिलानं दिसले, हेही तेवढंच खरं. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलं मला. उजेड नसता तर ही मांडीवर नसती."

लंकाबाई बऱ्याच वेळानं रडल्या, तेही आवाज न करता, बाळावर थेंब पडू नये म्हणून मान वळवून. मग डोळे पुसून त्या उठल्या आणि नातीला पंतांच्या हातात दिलं.

"धरा जरा. त्या रविकांत सायबाला सांगून येते. बन्सीला सोडा म्हनते."

पंतांनी अडवलं नाही. त्यांना मूल नव्हतं, त्यामुळे बाळ कसं धरतात तेही नीट ठाऊक नव्हतं. ते हात आखडून, श्वास रोखून तसेच बसून राहिले.

६

रविकांतरावांच्या खोलीत काय बोलणं झालं ते पंतांनी ऐकलं नाही. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की लंकाबाई बाहेर आल्यावर रविकांतराव बराच वेळ दारात उभे होते. मग त्यांनी छत्री घेतली आणि पावसातून राजूरची वाट धरली. फौजदारांना यायची गरज नाही, चूक आपली झाली, हे त्यांना स्वतः सांगायचं होतं.

जाण्यापूर्वी ते बन्सीपाशी थांबले. म्हणाले, "मी तुला विचारायला हवं होतं. विचारलंच नाही."

बन्सी म्हणाला, "जाऊ द्या, सायेब. वाट निसरडी हाय, बेतानं जावा."

ते परतल्यावर नीलांबरींनी सगळ्यांना बसवलं. दिवस भरत आलेल्या प्रत्येक बाईच्या घरी दवाखान्यातून दिव्याचं तेल गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. रविकांतराव म्हणाले, "दवाखान्याच्या वाट्याच्या रॉकेलमध्ये बाळंतिणीच्या घरचा दिवा धरता येईल. मी हिशेबात बसवतो ते." आणि त्यांनी बसवलं.

मापाचा निवाडा राहिला होता. पंतांनी तिन्ही मापं फळीवर मांडली.

"नवी तबकडी आणली होती मी, ती परत नेतो. जुनी चांगली आहे. चालत्या लाँचमध्ये एका नजरेत दिसते, पण ती उंचीपलीकडे काही जाणत नाही. पट्टी प्रामाणिक, पण लाँच डुलत असली की तिच्यावरची रेघ भरवशाची नाही. नळी सगळ्यांत शहाणी, पण काच आहे, फुटेल. म्हणून तिला पितळेची जाळी आणि तळाशी तोटी बसवू. काठावर असताना तोटी उघडायची आणि नळीचा आकडा काट्याशी ताडून बघायचा, मग तोटी बंद करून निघायचं. दोघांचं पटलं नाही, तर काठ सोडायचा नाही. एकाच्या शब्दावर जाऊ नका, मग तो कितीही खरा असो."

बन्सीनं टाकी धुतली, नळी बसवली. इंजिन पहिल्याच हँडलला धरलं.

भागू उठून बसायला लागली, तशी तिला घरी पोचवायचं ठरलं. पंत खरं तर आदल्या दिवशीच निघायचे होते, पण ते थांबले होते. पाऊस उघडला होता, रतनगडाच्या अंगावरून पांढरे ओहळ उतरत होते. लाँचमध्ये भागू नीलांबरींच्या खांद्याला टेकून बसली होती. लंकाबाई अगदी मागे, टाकीपासून जेवढं लांब बसता येईल तेवढ्या लांब बसल्या होत्या. मधलं पाणी आलं तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले. बन्सीनं ते पाहिलं आणि वेग थोडा वाढवला.

जांभूळवाडीच्या काठावर बायका गोळा झाल्या होत्या. पुढे साळूबाई होत्या, भागूच्या चुलत सासू. भागूला धरून उतरवलं, मुलगी ह्या हातातून त्या हातात गेली, कुणी भाकरतुकडा ओवाळून टाकला. लंकाबाई मात्र लाँचमध्येच बसून राहिल्या. पदर तोंडावर ओढलेला, पाय जागचे हलत नव्हते.

"पर लाँच मदीच बंद कशी पडली रं, बन्सी?" साळूबाईंनी विचारलं. "कुनी म्हनतं तेल चोरलं, कुनी म्हनतं काय. खरं काय झाल्तं?"

लंकाबाईंचा हात फळीवर घट्ट आवळला.

बन्सी दोर बांधत होता. गाठ पक्की करून तो सरळ उभा राहिला.

"टाकीत पानी गेल्तं," तो म्हणाला. "पावसाचे दिस. जातं."

साळूबाईंनी पंतांकडे पाहिलं. शिकलेले, शहरातले, चष्म्याचे गृहस्थ, त्यांनी दुजोरा द्यावा अशी त्यांची अपेक्षा होती. पंतांनी उभ्या जन्मात पावशेराची फसवणूकसुद्धा सोडली नव्हती.

"हो," ते म्हणाले. "पाणीच गेलं होतं. मी स्वतः पाहिलं."

बन्सी लाँचमध्ये परत चढला. लंकाबाईंपुढे वाकून त्यानं हात पुढे केला. तळहातावर नवी कातडी धरू लागली होती.

"चला, मावशी," तो म्हणाला. "फळी वली हाय, मला धरा."

लंकाबाईंनी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि त्या उठल्या.